युरिन कार्ड निगेटिव्ह, पण पेशंट बघून एमडी (मेफेड्रोन) ड्रगच वाटत होतं. रक्तात हे नवे ड्रग नेमके शोधतात कसे?

कॅज्युअल्टी_नाइट

नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात इमर्जन्सी मेडिसिनला रेसिडेंट आहे, हॉस्पिटलचं नाव देत नाही. परवा नाइटला विशीतल्या एका मुलाला मित्र घेऊन आले, ताप १०४, पल्स १६० च्या पुढे, प्युपिल्स मोठे, दात करकर खात होता आणि चौघांना आवरत नव्हता, शुगर नॉर्मल, सोडियम नॉर्मल, सीटीत काही नाही. मित्र आधी नुसती बिअर घेतली म्हणत होते, मग एकाने बाजूला येऊन सांगितलं की एमडी घेतलंय. मिडाझोलाम, कूलिंग, फ्लुइड्स सगळं केलं, मुलगा सुधारतोय, ट्रीटमेंटबद्दल मला काही विचारायचं नाहीये.

प्रश्न पुढचा आहे. आमच्याकडे युरिनचं मल्टिड्रग कार्ड असतं, अँफेटामिन, मेथ, कोकेन, मॉर्फिन, गांजा, बेन्झो अशा पट्ट्या असलेलं. त्यात बेन्झोची पट्टी पॉझिटिव्ह आली, ती आम्हीच दिलेल्या मिडाझोलाममुळे असणार, बाकी सगळं निगेटिव्ह. वडील ते कार्ड हातात धरून विचारतायत की डॉक्टर, तुमच्याच टेस्टमध्ये काही नाही मग माझ्या पोराच्या पेपरवर ड्रग कसं काय लिहिलंत. एमएलसी (मेडिकोलीगल केस) आहे म्हणून ब्लड काढून, सील करून पोलिसांकडे दिलंय, सीए (केमिकल ॲनालायझरचा) रिपोर्ट येईल तेव्हा येईल. पण तिकडे लॅबमध्ये त्या रक्ताचं नक्की करतात काय, कुठल्या मशीनवर कळतं, आणि तिथूनही "आढळले नाही" असं आलं तर घेतलंच नव्हतं असं समजायचं का? या लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

बेंचवरचा_केमिस्ट

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. लॅबच्या "आढळले नाही" चा अर्थ एवढाच की आम्ही ज्या पदार्थांसाठी तपासलं त्यातला कुठला, आमच्या पद्धतीला दिसेल इतक्या प्रमाणात, आमच्या हातात आलेल्या या नळीत सापडला नाही. यादीत नसलेला पदार्थ असू शकतो, यादीतला पण फार कमी असू शकतो, आणि काढलं तेव्हा भरपूर होता पण नळी आमच्याकडे पोचेपर्यंत सडून गेला असंही होतं. हे तिसरं आपल्याकडे फार होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मला ते आज लिहायचंच आहे.

आधी कार्ड. त्या पट्टीवर अँटिबॉडी असते आणि ती ठराविक रेणूसाठी तयार केलेली असते. मेफेड्रोन म्हणजे आपलं एमडी हे अँफेटामिनच्याच घराण्यातलं आहे पण साखळीवर एक कीटोन जास्त, त्याला कॅथिनोन म्हणतात, आणि तेवढ्या बदलाने बहुतेक अँटिबॉडी त्याला ओळखतच नाहीत किंवा फारच जास्त असेल तेव्हा ओळखतात. उलट बाजूने लॅबेटालॉल, ब्युप्रोपिऑन, स्यूडोएफेड्रिन यांनी तीच अँफेटामिनची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मॉर्फिनच्या पट्टीवर फेंटानिलसारखं कृत्रिम वेदनाशामक येत नाही. कार्डवर जे पाच-सहा घराणी छापलीत त्यांच्या बाहेर कार्ड आंधळं आहे. वडिलांना हेच सांगा, या कार्डात एमडीची पट्टीच नाहीये, जी गोष्ट तपासलीच नाही तिचं निगेटिव्ह कसं येईल.

आता डिझायनर ड्रग हा प्रकारच असा आहे की कायद्यात एक रेणू आला की बनवणारा कुठेतरी एक मिथाइल सरकवतो नाहीतर एक फ्लोरिन लावतो आणि नवीन पदार्थ बाजारात येतो. मेफेड्रोन ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये बंद केलं, आपल्याकडे ते एनडीपीएस या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. युरोपात ४-एमएमसी म्हणजे मेफेड्रोनवर बंदी आल्यावर ३-एमएमसी पसरलं, नेदरलँड्सने ते २०२१ मध्ये बंद केलं. युरोपची अर्ली वॉर्निंग सिस्टिम १९९७ पासून अशा पदार्थांवर लक्ष ठेवून आहे आणि तो आकडा आता हजाराच्या घरात गेलाय. हजार पदार्थांच्या पट्ट्या असलेलं कार्ड कोणी बनवू शकत नाही, म्हणून अँटिबॉडी सोडून मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे, म्हणजे रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वजन मोजून ओळखण्याकडे जावं लागतं.

पण मशीनच्या आधी नळी. मेफेड्रोन रक्तात टिकत नाही. तो कीटोन आणि शेजारचा अमाइन मिळून रेणू नाजूक होतो, पीएच जितका अल्कलाइन आणि हवा जितकी गरम तितका लवकर तुटतो. एमडीपीव्हीसारखे पायरोलिडीनवाले, मिथिलीनडायऑक्सीवाले कॅथिनोन त्यातल्या त्यात चांगले टिकतात, क्लोरीन-फ्लोरिन लावलेले सगळ्यात लवकर जातात, मेफेड्रोन मधे कुठेतरी. उणे २० ला ठेवलं, त्यात सोडियम फ्लोराइड-पोटॅशियम ऑक्झलेट हे प्रिझर्व्हेटिव्ह असलं तर बऱ्यापैकी राहतं. साध्या नळीत, रूम टेम्परेचरला, पोलीस स्टेशनच्या कपाटात मे महिन्यात पडून राहिलं तर मग कितीही कोटींचं मशीन असू दे, त्याला दिसणार काय?

तुमच्या केसमध्ये ब्लड कुठल्या नळीत गेलं आणि किती वाजता काढलं हे पेपरवर आहे का?

कॅज्युअल्टी_नाइट

सर खूप धन्यवाद, वडिलांना सांगायचं उत्तर मिळालं. नळी बघितली, ईडीटीए (रक्त गोठू न देणारी) आणि प्लेन गेलीय, फ्लोराइड नाही. आणि एमएलसीचं ब्लड पोलीस आल्यावर काढलंय म्हणजे ॲडमिशननंतर बराच वेळ गेला होता.

सातारची_लॅब

मी हॉस्पिटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे म्हणून एक सुचवते. ॲडमिशनला शुगर पाठवली असेल ना? ती शुगरची ग्रे टॉप नळी म्हणजेच सोडियम फ्लोराइड! ग्लुकोज तुटू नये म्हणून असतं ते, पण आहे तेच प्रिझर्व्हेटिव्ह. बायोकेमिस्ट्रीत टेस्ट झाली की उरलेलं सॅम्पल फ्रिजमध्ये राहतं आणि ठराविक दिवसांनी टाकून देतात. आत्ता लगेच फोन करा, त्या मुलाचं पहिलं सॅम्पल फेकू नका म्हणून सांगा, आणि उणे २० चा डीप फ्रीझर असेल तर त्यात ठेवायला लावा. पण नळी गच्च भरलेली असेल तर फ्रीझ करताना फुटते, थोडी जागा लागते वर. प्लाझ्मा वेगळा केलेला असेल तर तोही ठेवा, दोन्ही ठेवा.

आणि पिवळ्या टोपीची जेलवाली नळी टॉक्ससाठी (ड्रग तपासणीसाठी) देऊ नका, काही औषधं त्या जेलमध्ये शोषली जातात आणि लेव्हल खोटी कमी येते.

बेंचवरचा_केमिस्ट

ताई अगदी बरोबर, लाख मोलाचं बोललात. ॲडमिशनचं पहिलं रक्त सगळ्यात मोलाचं असतं. मेफेड्रोनचं हाफ लाइफ साधारण दोन तासांचं आहे, म्हणजे दहा-बारा तासांनी काढलेल्या रक्तात मूळ पदार्थ नावाला उरलेला असतो. युरिनमध्ये जास्त वेळ सापडतं, म्हणून युरिनपण साठवून ठेवा, कार्ड झालं की ओतून देऊ नका. रक्तात मेटाबोलाइट्ससुद्धा (शरीरात तुटून होणारे पदार्थ) शोधता येतात, नॉर-मेफेड्रोन आहे, कार्बॉक्सी मेफेड्रोन आहे, मूळ पदार्थ गेला तरी हे सापडले तर घेतलं होतं एवढं नक्की म्हणता येतं.

आणि फॉर्मवर हॉस्पिटलने दिलेली औषधं वेळेसकट लिहा ही हात जोडून विनंती. मिडाझोलाम, केटामिन, इंट्युबेशनच्या वेळचं फेंटानिल, हे सगळं आमच्या मशीनवर दिसतं. ते तुम्ही दिलंत की पार्टीत मिळालं हे आम्हाला रक्तावरून कळत नाही.

नागपूरची_एमएस्सी

मी फॉरेन्सिक सायन्सच्या सेकंड इयरला आहे. आमच्या डिपार्टमेंटला जीसी-एमएसच (गॅस क्रोमॅटोग्राफी जोडलेलं मास स्पेक्ट्रोमीटर) आहे, एलसीवालं (लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं) नाही. मेफेड्रोनवर प्रोजेक्ट करायचा विचार आहे. जीसी-एमएसला गोल्ड स्टँडर्ड म्हणतात मग त्यावर हे नीट येतं ना? सर मॅम प्लीज गाइड करा.

बेंचवरचा_केमिस्ट

येतं, पण अडचणी समजून घेऊन कर बाळ. पहिली, जीसीमध्ये पदार्थाची वाफ करावी लागते आणि इंजेक्शन पोर्ट अडीचशे डिग्रीच्या आसपास तापलेला असतो, तिथे काही कॅथिनोन तुटतात. म्हणून डेरिव्हटायझेशन करतात, पीएफपीए किंवा टीएफएए हे रिएजंट लावून अमाइन झाकायचा, मग पीकपण छान येतो आणि तुकड्यांमध्ये माहितीपण जास्त मिळते. पण डेरिव्हटायझेशनच उलटू शकतं हेही लक्षात ठेव. २००३ चं टीएचजी स्टिरॉइडचं प्रकरण वाच, नेहमीच्या तयारीत ते जीसी-एमएसवर तुटायचं त्यामुळे खेळाडूंच्या युरिनमध्ये दिसायचंच नाही. कोणीतरी वापरलेली सिरिंज पाठवली, लॉस एंजेलिसच्या लॅबमध्ये डॉन कॅटलिन यांच्या टीमने त्यातून रेणू ओळखला आणि त्याच्यासाठी एलसीवर वेगळी टेस्ट बसवली.

दुसरी, डेरिव्हटायझेशन न करता मेफेड्रोन टाकलंस तर ईआय (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने रेणू तोडून घेतलेल्या) स्पेक्ट्रममध्ये ५८ चा एक उंच पीक येतो आणि बाकी ९१, ११९ असे बारीकसारीक. मेथॲम्फेटामिनचा बेस पीकही, म्हणजे सगळ्यात उंच पीक, ५८ च आहे. नुसती लायब्ररी मॅच ९० टक्के आली म्हणून रिपोर्ट लिहायचा नाही, रिटेन्शन टाइम (पदार्थ कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) शुद्ध स्टँडर्डशी जुळलाच पाहिजे.

तिसरी आणि खरी अडचण आयसोमरची, म्हणजे फॉर्म्युला एकच पण रचना वेगळी अशा पदार्थांची. मेफेड्रोनचा फॉर्म्युला सी११ एच१५ एनओ. हाच फॉर्म्युला ३-एमएमसीचा, २-एमएमसीचा, ब्युफेड्रोनचा, एथकॅथिनोनचा, आणि जुन्या फेनमेट्राझिनचासुद्धा. जुळ्या भावंडांना काट्यावर उभं केलं तर वजन सारखंच भरणार, तसं मास स्पेक्ट्रोमीटरला हे सगळे एकाच वजनाचे दिसतात. ब्युफेड्रोन आणि एथकॅथिनोनचा बेस पीक ७२ येतो म्हणून ते वेगळे निघतात, पण २, ३ आणि ४-एमएमसीचे तुकडेही जवळपास सारखेच. ते फक्त कॉलमवर वेगळे होतात, तेही कॉलम आणि टेम्परेचर प्रोग्रॅम नीट निवडला तर. तुझा प्रोजेक्ट यावरच कर, रक्तातून या तिघांना जीसीवर स्वच्छ वेगळं करून दाखवलंस तर ते खरंच उपयोगाचं काम होईल.

मंजिरी_ह्यूस्टन

मी मूळची सांगलीची, सध्या टेक्ससला एका हॉस्पिटलच्या टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये काम करते. केमिस्ट सरांनी पाया छान सांगितलाय, मी एलसीची बाजू सांगते कारण रक्तातल्या डिझायनर ड्रगचं बरंचसं काम आता तिकडेच चालतं.

आमच्याकडे रक्त आलं की अर्धा मिली घेतो, त्यात ड्युटेरेटेड इंटर्नल स्टँडर्ड घालतो, म्हणजे तोच रेणू पण त्यात काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, मेफेड्रोन-डी३ वगैरे. मग थंड ॲसिटोनायट्राइल घालून प्रोटीन पाडायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी घ्यायचं. घाईच्या स्क्रीनिंगला एवढं पुरतं. पण लेव्हल फार कमी असेल तर सॉलिड फेज कार्ट्रिजवर स्वच्छ करतो नाहीतर पीएच वाढवून इथाइल ॲसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये ओढून घेतो, कारण रक्तात फॉस्फोलिपिड असतात आणि ते ड्रगबरोबर एकाच वेळी सोर्समध्ये पोचले की ड्रगचा सिग्नल दाबून टाकतात. याला आयन सप्रेशन म्हणतात. इंटर्नल स्टँडर्ड त्यासाठीच, तोही तेवढाच दाबला जातो आणि गुणोत्तर बरोबर राहतं. नवीन ड्रगचा ड्युटेरेटेड जोडीदार बाजारात येईपर्यंत वेळ जातो, तोपर्यंत जवळच्या नातेवाईकावर भागवावं लागतं आणि आकडा सांगताना जपून सांगावा लागतो.

मग मशीन. दोन वेगळ्या विचारांची मशीनं आहेत. ट्रिपल क्वाडला तुम्ही आधी सांगता काय शोधायचं, उदाहरणार्थ १७८ वरून १६० आणि १७८ वरून १४५, हे मेफेड्रोनचे नेहमीचे ट्रान्झिशन, आधी पाणी जातं मग मिथाइल. अतिशय सेन्सिटिव्ह, नॅनोग्रॅमच्या खाली जातं, क्वांटिटेशनला याच्यासारखं काही नाही. पण यादीत नसलेलं त्याच्या समोरून गेलं तरी ते नोंदत नाही. दुसरं हाय रिझोल्यूशन, क्यूटॉफ किंवा ऑर्बिट्रॅप. ते वस्तुमान चार दशांश स्थळांपर्यंत मोजतं, मेफेड्रोनचं प्रोटोनेटेड आयन १७८.१२२६, आणि ५ पीपीएमच्या (दहा लाखात पाच इतक्या फरकाच्या) आत बसलं तरच विचार करायचा. याला यादी लागतेच असं नाही, आलेलं सगळं रेकॉर्ड करून ठेवता येतं, तुकड्यांसकट. आयसोमरचं मात्र सर म्हणाले तेच, कितीही दशांश मोजा, फॉर्म्युला एक असेल तर हेही मशीन एकच आकडा सांगणार, तिथे कॉलम आणि स्टँडर्डच लागतो.

हे सगळं रेकॉर्ड होतं म्हणजे काय ते एका खऱ्या केसवरून सांगते. १२ जुलै २०१६ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच भागात ३३ लोक रस्त्यावर सुन्न उभे, कण्हत, हातपाय संथ हलवत असे सापडले, पेपरांनी झोंबी आउटब्रेक म्हटलं. १८ जणांना हॉस्पिटलला नेलं. त्यांनी ओढलेल्या पाकिटावर नाव होतं एके-४७ २४ कॅरट गोल्ड. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी लॅबमध्ये हाय रिझोल्यूशनवर तपासलं तेव्हा पाकिटात एएमबी-फ्युबिनाका नावाचं सिंथेटिक कॅनाबिनॉइड (गांजासारखी नशा देणारा कृत्रिम पदार्थ) निघालं, ग्रॅमला सरासरी १६ मिलिग्रॅम. आणि आठ पेशंटच्या रक्तात किंवा सिरममध्ये सापडलं ते त्याचं एस्टर तुटून झालेलं ॲसिड, ७७ ते ६३६ नॅनोग्रॅम प्रति मिली. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. एस्टरवाला रेणू शरीरात झटकन तुटतो, म्हणून मूळ पदार्थाचीच यादी घेऊन बसलं तर हातातून निसटू शकतो, शोधायला जाताना तुटल्यावर काय उरेल हे आधी विचारात घ्यावं लागतं. फ्लोराइडचा इथेही फायदा आहे, एस्टर तोडणाऱ्या एन्झाइमना ते नळीत आवरतं.

गांजाच्या पट्टीवर हे पदार्थ येत नाहीत हे वेगळं सांगायला नको. रचनाच वेगळी आहे.

कॅज्युअल्टी_नाइट

मॅडम हे वाचून अंगावर काटा आला. पण एक कळलं नाही, पूर्ण नवीन रेणू असेल, कोणाच्याच लायब्ररीत नसेल, तर मशीनला १७८.१२२६ सारखा आकडा दिसून काय उपयोग? ओळखायचं कसं?

मंजिरी_ह्यूस्टन

छान प्रश्न. तुकड्यांवरून घराणं कळतं. जेडब्ल्यूएच-०१८ सारख्या जुन्या सिंथेटिक कॅनाबिनॉइडमधून १५५ आणि १२७ चे तुकडे पडतात, ते त्यातल्या नॅफ्थलिनच्या भागाचे. फ्युबिनाका म्हणून ज्यांच्या नावात येतं त्यांच्यातून १०९ पडतो, तो फ्लोरोबेन्झिल. नायटाझिन नावाचे नवे ओपिऑइड (अफू-मॉर्फिनसारखं काम करणारे पदार्थ) आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांमधून १०० आणि ७२ पडतात. बनवणारा रेणूचं एक टोक बदलतो, दुसरं टोक बहुतेक वेळा तेच राहतं. म्हणून अनोळखी पीकमध्ये ओळखीचा तुकडा दिसला की आम्ही तिथे थांबतो, उरलेलं वजन मोजतो आणि फॉर्म्युला मांडतो. मग कोपनहेगनहून चालणारी हायरेझएनपीएस म्हणून एक सामायिक लायब्ररी आहे, तिच्यात जगभरच्या लॅब आपले तुकडे टाकतात, तिथे बघायचं. कोणीतरी आधी पाहिलेलं असतं बऱ्याचदा. तरी स्टँडर्ड विकत घेऊन रिटेन्शन टाइम जुळेपर्यंत रिपोर्टवर "संशयित" एवढंच लिहायचं.

आणि डेटा फाइल पुसायची नाही! आज न ओळखलेला पीक पुढच्या वर्षी लायब्ररीत आला की जुनी फाइल पुन्हा उघडून बघता येते, रक्त संपलं असलं तरी. हाय रिझोल्यूशनचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच आहे.

नायटाझिनचं जरा जास्त सांगते कारण मला त्याची खरंच काळजी वाटते. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत वेदनाशामक म्हणून हे शोधले गेले, औषध म्हणून आले नाहीत, रेणू कागदावरच राहिले. चीनने १ मे २०१९ ला फेंटानिलचं आख्खं घराणंच नियंत्रणाखाली आणलं आणि त्याच सुमारास आयसोटोनिटाझिन बाजारात दिसायला लागलं. फेंटानिलच्या पट्टीवर ते येत नाही, रक्तातली लेव्हल कधी कधी नॅनोग्रॅमच्याही खाली असते, म्हणजे साध्या स्क्रीनिंगमध्ये पार बुडून जाते. श्वास मंदावलेला, प्युपिल टाचणीएवढे, नालोक्सोनला (ओपिऑइडच्या उताऱ्याला) प्रतिसाद देतोय, एका डोसने भागत नाहीये आणि सगळ्या पट्ट्या निगेटिव्ह, असा पेशंट आला तर ओपिऑइड नाही असं कोणीही ठरवू नका.

मिरजेचा_पीएमवाला

फॉरेन्सिक मेडिसिनला आहे. जिवंत पेशंटचं झालं, मयताबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवायची पद्धत आहे, ती ठीक, पण त्याबरोबर रक्त वेगळं फ्लोराइडमध्ये घ्या आणि ते मांडीच्या फेमोरल शिरेतून घ्या. हृदयातून घेतलं की झालं असं बरेच जण करतात. मृत्यूनंतर औषधं लिव्हर, फुप्फुस, पोटातून झिरपून हृदयातल्या रक्तात येतात आणि आकडा फुगतो. मांडीचं रक्त त्या मानाने स्वच्छ.

आणि आकड्यावरून मृत्यूचं कारण ठरवायची घाई करू नका. एमडीचे मृत्यू ज्या आकड्यांवर नोंदलेत त्याच आसपासचे आकडे जिवंत माणसातही मिळालेत. सवय, गरमी, बरोबर घेतलेली दारू किंवा दुसरा ड्रग, हृदयाचा जुना आजार, सगळं बघावं लागतं. त्यात कॅथिनोन नळीत तुटत असल्यामुळे रिपोर्टवरचा आकडा हा "निदान एवढं तरी होतं" असाच वाचायचा. नातेवाईक विचारतात डॉक्टर किती घेतलं होतं त्याने, त्याचं उत्तर रक्तावरून देता येत नाही, आणि देऊही नये.

कोर्टातला_शेजारी

सेशन कोर्टात वकिली करतो. इथे दोन मुद्दे गोंधळतायत म्हणून लिहितोय. एनडीपीएसमध्ये मेफेड्रोनची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम, हे सगळं जप्त पावडरच्या वजनावर चालतं, रक्तातल्या नॅनोग्रॅमशी त्याचा संबंध नाही. रक्ताचा रिपोर्ट सेवन केलं का, किंवा गाडी चालवताना नशेत होता का, किंवा मृत्यू कशाने झाला यासाठी लागतो.

सातारच्या ताईंनी सांगितलेली शुगरची नळी उपचारासाठी उत्तम आहे पण कोर्टात ती टिकवायला त्रास होईल हे डॉक्टरांनी लक्षात ठेवावं. सील नाही, कोणाच्या हातून कुठे गेली याची नोंद नाही. म्हणून ती फ्रीझरला टाकतानाच केस पेपरवर लिहा, काढल्याची वेळ, कोणी काढलं, कुठल्या फ्रीझरला कधी ठेवलं, लेबल कोणी बघितलं, आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की असं सॅम्पल आमच्याकडे आहे, जप्त करून पाठवा. एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता केमिस्ट साहेबांना माझा प्रश्न. "आढळले नाही" असा एक ओळीचा रिपोर्ट माझ्यासमोर येतो तेव्हा मी लॅबला नेमकं काय विचारायचं?

बेंचवरचा_केमिस्ट

वकीलसाहेब, हे विचारायची सवय बारमध्ये लागली तर आमच्याकडचे रिपोर्टही सुधारतील, मनापासून सांगतो. विचारा की पद्धत कुठली वापरली, नुसतं टीएलसी (प्लेटवरची साधी क्रोमॅटोग्राफी) आणि रंगाची चाचणी की मास स्पेक्ट्रोमेट्री. त्या पद्धतीत किती आणि कुठले पदार्थ येतात, त्याची यादी मागा, यादीत मेफेड्रोन नसेल तर तो रिपोर्ट मेफेड्रोनबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येकाची डिटेक्शन लिमिट मागा. नळी कुठल्या प्रिझर्व्हेटिव्हची होती, कुठल्या तारखेला काढली, कुठल्या तारखेला लॅबला आली आणि कुठल्या तारखेला उघडली, मधे कुठल्या टेम्परेचरला होती. त्याच बॅचमध्ये ड्रग नसलेलं रक्त आणि मुद्दाम ड्रग घातलेलं रक्त बरोबर चालवलं होतं का, त्यांचे निकाल काय. पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर आधीच्या सॅम्पलचा अंश मशीनमध्ये राहून पुढच्यात आला नाही ना, म्हणजे कॅरीओव्हर, त्यासाठी मधे ब्लँक चालवला का, आणि आयसोमर वेगळे करून पाहिले का.

आणि डॉक्टर, पोलीस, सगळ्यांना अजून एक. पार्टीच्या जागी पाकीट, कागद, स्ट्रॉ, काहीही सापडलं तर ते लॅबला रक्ताबरोबरच पोचू द्या. पावडरीत पदार्थ टक्क्यांमध्ये असतो, प्रोटीन नाही, फॉस्फोलिपिड नाही, त्यामुळे तिथे रेणू आधी ओळखता येतो, आणि एकदा काय शोधायचं ते कळलं की मग रक्तात तो नॅनोग्रॅममध्ये असला तरी ट्रिपल क्वाड त्याच्यावर लावता येतो. ब्रुकलिनमध्ये पाकीट हातात होतं हे विसरू नका. आपल्याकडे पावडर एका लॅबला एका तारखेला, रक्त दुसऱ्या सेक्शनला दुसऱ्या तारखेला, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही असं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतून शेकडो किलो एमडी निघालं, म्हणजे पुण्याच्या कॅज्युअल्टीत असे पेशंट येणार हे धरूनच चालायला पाहिजे, आणि प्रत्येक कॅज्युअल्टीत एमएलसी किटमध्ये दोन फ्लोराइड नळ्या ठेवायला खर्च काहीच नाही.

नागपूरची_एमएस्सी

सर, तीन आयसोमरवाला प्रोजेक्ट गाइडना सांगितला, त्यांना आवडला. पण ते म्हणाले स्टँडर्ड कुठून आणणार? आणि रक्त कुठून?

बेंचवरचा_केमिस्ट

रक्त ब्लड बँकेचं एक्स्पायर झालेलं मिळतं, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन. त्यात ॲंटिकोआग्युलंट असतं ते रिपोर्टमध्ये लिही, आणि स्टँडर्ड घालायच्या आधी ब्लँक म्हणून चालवून बघ.

स्टँडर्डला वेळ लागेल. मेफेड्रोन शेड्यूल्ड आहे, बाहेरून मागवायचं तर ग्वाल्हेरच्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं इम्पोर्ट सर्टिफिकेट लागतं, संस्थेच्या नावाने अर्ज जातो, विद्यार्थ्याच्या नाही. तिन्ही आयसोमर आणि डी३ एकाच अर्जात टाका, नाहीतर एक आला आणि दोन अडकले असं होऊन वर्ष जाईल. मिथेनॉलमधलं मिलीला एक मिलिग्रॅमचं छोटं अँप्यूल पुरतं. आलं की लगेच वर्किंग सोल्युशन बनवून बारीक व्हायलमध्ये वाटून फ्रीझर, आणि उघडल्याची तारीख प्रत्येक व्हायलवर. अर्ज या आठवड्यातच टाकायला सांग गाइडना.

मंजिरी_ह्यूस्टन

स्टँडर्ड येईपर्यंत हात रिकामे ठेवू नकोस. स्यूडोएफेड्रिन घेऊन एक्स्ट्रॅक्शन बसव, तोही अमाइनच आहे, पीएच आणि सॉल्व्हंटचा अंदाज त्यावर येतो. सॉल्व्हंट उडवताना मात्र नायट्रोजनखाली पूर्ण कोरडं करायच्या आधी थोडं ॲसिडिक मिथेनॉल घालत जा, फ्री बेस अमाइन वाफेबरोबर उडून जातात आणि रिकव्हरी का येत नाही ते कळतच नाही. कॅथिनोनला हे दुप्पट लागू आहे कारण ॲसिडमध्ये ते टिकतातही.